लवता डोळा

“लवला का?”

“अजून न्हाई.”

“उन्हामुळं आसंल. वहिनी, जरा सावलीला सरका की.”

कॉम्प्रेसरचा आवाज एवढा होता की माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. बोअरगाडीचा रॉड जमिनीत फिरत होता, पांढरा फुफाटा उडून सगळ्यांच्या डोक्यावर बसत होता, आणि जमलेल्या वीस-पंचवीस माणसांतलं एकही माणूस रॉडकडं बघत नव्हतं. सगळी बघत होती माझ्या डाव्या गालाकडं. मी डोक्यावरून पदर घेऊन, हातात नारळ धरून, करवलीसारखी नटून उभी.

मग तो आला. आधी खालच्या पापणीत मुंगी चावल्यासारखं झालं, मग डोळा फडफडला, मग पार मिटला, गाल आकसला आणि ओठाचं टोक कुणीतरी दोरी बांधून ओढावं तसं कानाकडं गेलं.

“लवला! लवला! हणमंतराव, सोडा अजून एक रॉड!”

हणमंतराव म्हणजे आमचे मालक. त्यांनी रॉड सोडला आणि थोड्या वेळानं फुफाट्याचा चिखल झाला, चिखलाचं गढूळ पाणी झालं आणि गढूळ पाण्याचा फवारा माणसांच्या अंगावर आला. लोक नाचले. दोन बायकांनी तिथंच माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी एका डोळ्यानं हसले, कारण दुसरा अजून मिटलेलाच होता.

जिची ती जमीन, ती बाई मात्र पाण्याकडं बघत नव्हती. मिरजेच्या डॉक्टर हुक्केरी, डोक्याची ऑपरेशनं करणाऱ्या. आटपाडीच्या अलीकडं त्यांनी चार झाडं लावायला म्हणून माळ घेतला होता. सगळ्यांसारख्या त्याही माझ्याच गालाकडं बघत होत्या, पण त्यांचं बघणं वेगळं होतं. शिंपी फाटलेल्या कपड्याकडं बघतो तसं.

“हे झोपेतही होतं का हो?” त्यांनी जवळ येऊन विचारलं.

“मला काय ठाऊक? झोपल्यावर मी कुठं बघायला असते?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “माझ्याकडं बघा. मी डोळा घट्ट मिटते. भुवई कुठं गेली?”

“खाली.”

“कुणाचीही खालीच जाते. तुमची वर जाते. डोळा मिटतो आणि त्याच वेळी भुवई वर चढते. हे मुद्दाम करायचं म्हटलं तर कुणाला जमत नाही, नाटकातल्या नटालासुद्धा नाही. ताई, हे डोळा लवणं नव्हे. आजार आहे हा. आणि बरा होतो.”

एवढ्या गलक्यात त्यांचे शेवटचे दोन शब्द तेवढे माझ्या डोक्यात राहिले. बरा होतो. घरी येईपर्यंत जीपमध्ये मी तेच दोन शब्द घोळवत होते.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. त्याआधी आठ वर्षं तो डोळा माझ्या तोंडावर बिऱ्हाड करून होता.

बाईचा डावा डोळा लवला की शुभ, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझा पहिल्यांदा लवला त्या दिवशी मालकांनी नवी बोअरगाडी आणली होती. पहिलंच काम, खरसुंडीच्या वाटेवर, आणि तो माळ असा की तिथं आधी तीन बोअर कोरडे गेलेले. मी नारळ फोडायला उभी, डोळा जरासा फडफडला. माझ्या सासूबाई शेजारीच होत्या. त्या ओरडल्या, “शालनचा डावा डोळा लवतुया! पानी लागनार!” आणि लागलं की हो! आमच्या दुष्काळी मुलखात पाणी लागणं म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळायचं. लोकांनी मालकांना सोडून मला हार घातला.

सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्ती, बापाची थोरली बहीण. आमच्याकडं मामाच्या पोरीवर पहिला हक्क आतेभावाचा असतो, तसं झालं. गोजराबाई त्यांचं नाव. आवाज असा की दोन शेतांपलीकडचा बैल थांबायचा. त्यांनी ते पाणी आणि तो डोळा यांची अशी गाठ मारली की पुढं ती कुणाला सुटेना. पंचक्रोशीत बोलबाला झाला. बोअर मारायचा तर हणमंतरावांचीच गाडी, आणि गाडीबरोबर लवत्या वहिनी पाहिजेत. एरवी नारळ तळहातावर उभा करून जागा सांगणारा आमचा नामा पाणाड्यासुद्धा म्हणायला लागला, “जागा मी दावतो, पन शिक्का वहिनींचा.” कोरडा बोअर गेला तर लोक म्हणायचे, त्या दिवशी वहिनींचा डोळा नीट लवला नसंल. म्हणजे पाणी लागलं तर माझं, आणि नाही लागलं तर तेही माझंच.

आणि डोळा वाढत गेला. आधी पापणी, मग गाल, मग ओठ. पहिल्या वर्षी दिवसातून चार-दोनदा यायचा, नंतर नंतर चार-दोनदा थांबायचा. मी घरी शिवणकाम करायची, गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज माझ्या मशीनखालून जायचे. हूक लावायला घेतलं की डोळा मिटायचा, दोरा सुईच्या नाकाशेजारून जायचा. एका डोळ्यानं मापं घेऊन मी एकीच्या दोन बाह्या दोन लांबीच्या शिवल्या, तर ती म्हणाली, असू द्या वहिनी, तुमच्या हातचं म्हणजे प्रसाद!

नाथाच्या जत्रेत तर कहरच झाला. बांगड्या भरायला बसले आणि कासाराकडं बघता बघता डोळा मिटला, ओठ एका बाजूला गेला. त्या बिचाऱ्यानं आजूबाजूला बघितलं, गालात हसला आणि दोन बांगड्या जास्तीच्या भरल्या. मागं त्याची बायको बसलेली. तिनं मला आणि त्याला जे काही ऐकवलं ते जत्रेत पुढं दोन दिवस पुरलं. तेव्हापासून मी अनोळखी माणसाशी बोलताना पदराचं टोक गालावर धरायला शिकले. बोअरवर मात्र पदर बाजूला घ्यायचा. तिथं लोकांना गाल दिसायला पाहिजे.

औषधं केली नाहीत असं नाही. मालकांनी चष्मा करून दिला. कुणीतरी दाढेचं मूळ म्हणाला, दाढ काढली. कुणी लकव्याची सुरुवात म्हणाला, नाकात तूप सोडलं. आत्ती मात्र सगळ्यांना दरडावायच्या, “रोग बघताय व्हय त्यात? लक्षुमी हाय ती.” पुढं पुढं मलाही खरंच वाटायचं की आपण कृतघ्न आहोत. देवानं दिलंय आणि आपल्याला ते नको आहे.

पण डॉक्टरबाईंच्या त्या दोन शब्दांनंतर मला राहवेना. मालकांच्या मागं लागून आम्ही मिरजेला गेलो. एका बोगद्यात झोपवून त्यांनी डोक्याचे फोटो काढले. मग डॉक्टरबाईंनी एक काळी फिल्म उजेडाला धरली आणि पेन्सिलचं टोक एका जागी टेकवलं.

“ही चेहऱ्याची नस. चेहरा हलवायचा हुकूम हिच्यातून येतो. आणि हा बघा, रक्तवाहिनीचा वेढा. जागा सोडून ही वाहिनी वाकडी झालीये आणि नसेवर टेकलीये. प्रत्येक ठोक्याला तिला धक्का देतेय. नस बिचारी वैतागून नको तेव्हा हुकूम सोडते आणि गाल उडतो.”

मालक फिल्मजवळ सरकले. मग म्हणाले, “म्हंजी म्याडम, बोअरमधी मोटरीची केबल आन् पाइप घासत्यात, तसं. केबलचं वरचं कव्हार झिजतं आन् मग मोटार नगं तवा चालू-बंद हुती.”

“अगदी तसं.”

“मग आमी तिथं मधी रबर घालतो.”

“मीही तेच करणार. कानामागून छोटं भोक पाडायचं, रक्तवाहिनी अलगद बाजूला घ्यायची, आणि दोघींच्या मध्ये कापसासारखा टेफ्लॉनचा तुकडा ठेवायचा. कापायचं काही नाही.”

त्यांनी काही लपवलं नाही. गालात सुया टोचून तीन-चार महिने डोळा शांत ठेवता येतो, पण असर उतरला की पुन्हा टोचायला लागतं, हेही सांगितलं. ऑपरेशननं कायमचं सुटायची आशा चांगली आहे, पण ऐकण्याची नस शेजारीच असते. शंभरातल्या थोड्याजणांचा त्या बाजूचा कान जातो, क्वचित त्याहून वाईटही होतं. “घाई नाही,” त्या म्हणाल्या, “घरी बोला. पण ठरवायचं तुम्ही. चेहरा तुमचा आहे.”

चेहरा माझा आहे हे मला आठ वर्षांत कुणी पहिल्यांदाच सांगत होतं. मी तिथंच ठरवलं, ऑपरेशन करायचं.

आमच्या फाट्यावर गाडी वळवताना मालक एवढंच म्हणाले, “आय काय म्हनती बघू.” त्यांचा राग करावा तर तेही जमेना. माणूस मायाळू, पण आईपुढं आणि गिऱ्हाइकापुढं त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघायचं नाही. आणि पुढच्या महिन्याची सगळी कामं लोकांनी माझ्या डोळ्याच्या भरवशावर सांगून ठेवली होती.

आत्तींनी ऐकून घेतलं आणि भाकरीचं पीठ तसंच परातीत सोडून त्या उठल्या.

“डोस्क्याला भोक पाडायचं? आन् कशापायी? लक्षुमी डोळ्यांत नाचतीया तिला हाकलायला? दैव देतं आन् करम नेतं, म्हनत्यात ते ह्येच.”

“आत्ती, मला दिसत न्हाई वो नीट. दोरा ओवता येत न्हाई.”

“मी ओवून देती.”

“चारचौघांत बोलता येत न्हाई.”

“नगं बोलूस. लोक तुझ्या पाया पडत्यात, आनि काय पायजे?”

“आत्ती, मला झोपसुद्धा...”

“कान गेला म्हंजी? बहिरी झालीस तर? माझ्या भावाला मी काय तोंड दावू?” एवढं बोलून त्या परसात निघून गेल्या. मला त्यातला राग तेवढा ऐकू आला होता. भीतीही होती, ती मला त्या दिवशी कळली नाही.

मी भांडले नाही. भांडून आत्तीपुढं कोण जिंकलंय? दोन दिवसांनी दुपारी मशीनवर बसले होते. एका पोरीच्या साखरपुड्याचा ब्लाउज द्यायचा होता. डोळा उघडेचना. बोटानं पापणी वर धरून एक शिवण मारली, ती वाकडी गेली. उसवली, पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. मग मी कात्री ठेवली, मशीनवरच डोकं टेकलं आणि रडता रडता मला तिथंच झोप लागली. जागी झाले तेव्हा ऊन उतरलं होतं, अंगावर आत्तींचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं आणि त्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होत्या. माझ्याकडं बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आत्तींनी बशी खाली ठेवली.

“हण्या, बघ रं. माझा डावा डोळा लवतुया.”

मालकांनी बघितलं. मीही बघितलं. खरंच आत्तींचा डोळा उघडझाप करत होता, गाल मधूनच उचलला जात होता. माझा रोग माझ्या आत्तीला लागला!

“आत्ती, कवापासनं?”

“पहाटंपासनं. सपनात देवी आली हुती. म्हनली, पोरगी दमलीया, आता मी तुझ्याकडं ऱ्हाती.”

मालकांनी तिथल्या तिथं हात जोडले. बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. नामा पाणाड्या येऊन बघून गेला आणि त्यानं निकाल दिला की देवीनं घर तेच ठेवलंय, खोली बदलली. चार दिवसांनी दिघंचीकडं बोअर होता. तिथं आत्ती नऊवारीचा काष्टा आवळून नारळ घेऊन उभ्या राहिल्या आणि डोळा असा लवला, असा लवला, की माझा त्यापुढं काहीच नाही. नशिबानं पाणीही दणदणीत लागलं. येताना बायका म्हणाल्या, “कानामागून आली आन् तिखट झाली की वो सासू!” मला हसू येईना. आत्तींचं वय सत्तरीला टेकलेलं. या वयात त्यांचं डोकं कोण उघडणार?

“शालनला जाऊ द्या आता मिरजंला,” त्या रात्री जेवताना आत्ती म्हणाल्या. “तिच्या डोळ्यात आता काय ऱ्हायलं न्हाई. उगं मोकळाच उडतुया. बुजवून टाका.”

मालकांच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसलं. मी म्हटलं, “मी जाईन, पण आत्तींनाबी दाखवायचं. त्यांचीबी नस दबली आसंल.”

“मला काय धाड भरलीया?” आत्ती उसळल्या. “आदी तुझं हू दे.”

पण मी हट्ट सोडला नाही. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी त्यांना बरोबर घेऊनच गेले. डॉक्टरबाईंनी त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं. आत्तींनी लगेच डोळा लववून दाखवला, अगदी मन लावून. डॉक्टरबाई बघत राहिल्या. बोला म्हणाल्या, गाल फुगवा म्हणाल्या, मग मला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर थांबा, मी आजींशी बोलते.”

दार उघडलं तेव्हा आत्ती शहाण्या मुलीसारख्या खाली मान घालून बसल्या होत्या आणि डॉक्टरबाई टेबलावरची फाइल उगाच चाळत होत्या.

“काय निघालं?” मी विचारलं.

“यांचा प्रकार वेगळा आहे. ऑपरेशन लागत नाही. तुमचं नीट पार पडलं की यांचा हळूहळू आपोआप थांबेल.”

“माझ्यामुळं त्यांचा कसा थांबंल?”

“असतं तसं काही काही घरांत,” त्या म्हणाल्या आणि नर्सला हाक मारली.

मला ते अजब वाटलं, पण मोठ्या डॉक्टरच्या तोंडाला कोण लागणार? शिवाय माझा जीव माझ्याच कानात अडकला होता. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी कानामागचे केस काढले, आणि मी पलंगावर पडून डाव्या कानानं ऐकता येईल तेवढं ऐकून घेतलं. ट्रॉलीची चाकं, रस्त्यावरच्या टांग्याच्या घोड्याच्या टापा, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं कन्नडमधलं पुटपुटणं. सकाळी नेताना आत्ती ट्रॉलीबरोबर चालत होत्या. एरवी दोन शेतांपलीकडं जाणारा त्यांचा आवाज त्या दिवशी मला वाकून ऐकावा लागला. “घाबरू नगंस, माझे बाई,” त्या म्हणाल्या. सून म्हणून आल्यापासून त्यांनी मला ‘माझे बाई’ म्हटलं नव्हतं. माहेरी लहान असताना म्हणायच्या.

नंतरचं आठवतं ते मळमळ, डोक्यात जातं फिरावं तशी घरघर, आणि कानाशी एकदम आलेली आरोळी.

“शालन! ऐकू येतंय का?”

मालक होते. डाव्या कानाशी तोंड लावून, कॉम्प्रेसर चालू असल्यासारखे ओरडत होते. नर्स धावत आली. “अहो, दवाखाना आहे हा, बोअर नव्हे!”

“येतंय,” मी म्हटलं. “निम्म्या मिरजंला येतंय.”

मालक हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. तो मोठा माणूस खाटेच्या दांडीला धरून रडताना बघितला आणि माझ्या सगळ्या तक्रारी विरघळल्या.

पहिले दोन-तीन दिवस गाल थोडा थोडा उडायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, नसेची जुनी खोड आहे, जाईल. आणि गेली. एका सकाळी नर्सनं आरसा दिला. मी बघत बसले. दोन डोळे, दोन्ही उघडे. गाल जागच्या जागी. मी कितीतरी वेळ वाट बघितली आणि तो आला नाही. माझं तोंड इतकं शांत असतं हे मी विसरूनच गेले होते. डॉक्टरबाई तपासायला आल्या तेव्हा मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले, तर त्यांनी खांदे धरून थांबवलं. “वाकायचं नाही अजून, टाके आहेत,” म्हणाल्या. त्यांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. आमच्या देव्हाऱ्यात त्यांचा फोटो नाही एवढंच.

घरी आल्यावर विश्रांतीचे दिवस गेले. आत्ती मला इकडची काडी तिकडं करू देत नव्हत्या, पण बोअरचं काम असलं की नारळ घेऊन जायच्या. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या आपोआप थांबेल, पण थांबल्याची काही खूण दिसेना. संध्याकाळी दमून यायच्या आणि भाकरी दुधात कुस्करून खायच्या. वय झालं, मी समजले.

मग एकदा गावालगतच्या वस्तीवरच्या शाळेत बोअर होता. मला आता हिंडाफिरायला परवानगी होती, म्हणून दुपारची भाकरी मीच घेऊन गेले. लांबूनच गर्दी दिसली. मध्ये आत्ती. ऊन रणरणत होतं, फुफाट्यानं त्यांची भुवई पांढरी झाली होती, आणि लोक माझ्याकडं बघायचे तसेच त्यांच्याकडं बघत होते.

“लवतुया, लवतुया!”

मी गर्दीतून पुढं सरकले आणि पहिल्यांदाच तो प्रकार बाहेरून नीट बघितला, दोन्ही डोळ्यांनी. आत्तींचा डोळा मिटत होता. आणि डोळ्याबरोबर त्यांची पांढरी झालेली भुवई खाली येत होती. पुन्हा मिटला, पुन्हा खाली. दर वेळी खालीच.

माझ्या हातातलं भाकरीचं गाठोडं मी तिथंच एका दगडावर ठेवलं. डॉक्टरबाईंनी मला बाहेर का काढलं, फाइल उगाच का चाळली, माझं पार पडलं की त्यांचा थांबेल असं का म्हणाल्या, सगळं एका झटक्यात उलगडलं. सत्तरीची बाई उन्हात उभी राहून, डोळा मिचकावत, माझ्या जागी उभी होती. सगळ्या गावासमोर देवीच्या नावानं खोटं बोलत होती. ज्या देवीला घाबरून ती मंगळवारी डोक्यालाही तेल लावत नसे, तिच्या नावानं.

पाणी लागलं. लोक तिकडं धावले तशा आत्ती बाजूच्या लिंबाखाली येऊन बसल्या. मी कळशी घेऊन त्यांच्याजवळ बसले.

“आत्ती, डोळा खोटा हाय न्हवं?”

“कोन म्हनतं?”

“भुवई खाली येतीया.”

त्यांनी चटकन भुवईला हात लावला. मग चिडून म्हणाल्या, “त्या डाक्तरनीनं सांगितलं व्हय? मला म्हनली हुती, कुनाला सांगनार न्हाई.”

“त्यांनी न्हाई सांगितलं. मीच बघितलं आत्ता.”

आत्ती बोअरकडं बघत राहिल्या. पोरं त्या पाण्यात उड्या मारत होती.

“त्या दिशी तू मशिनीवर डोस्कं टेकून झोपलीस,” त्या म्हणाल्या. “मी पांघरून घालाया आले. तुझा डोळा झोपंतबी नाचत हुता. मी लई येळ बसून बघितलं, थांबंना. मंग माझ्या ध्यानात आलं. देवी आसती तर तिनं तुला निजू दिलं आसतं.”

“मग मला सांगायचं की.”

“तुला सांगून काय? लोकांस्नी पटलं आसतं? हण्याला पटलं आसतं? आठ वर्सं मीच त्येंच्या डोस्क्यात भरलं, ते येका दिसात कसं निगंल? म्हनून म्हनलं, डोळाच पायजे न्हवं तुमाला, घ्या माझा.”

जन्म दिलेल्या आईनं केलं नसतं ते ह्या बाईनं केलं होतं. सासू म्हणून आठ वर्षं मला बोअरवर उभी करणारी हीच, आणि तिथून सोडवणारीही हीच. रागाला कुठंच जागा उरली नव्हती.

“आता बास करा आत्ती.”

“करती. ह्यो झाला की अजून येकच हाय. मंग सांगती देवी हिमाचलाला गेली म्हनून.” त्यांनी डाव्या गालावर तळवा ठेवला आणि जबडा हळूहळू चोळला. “न्हाईतरी आता हुत न्हाई. सांच्याला गाल भरून येतो गं. दुखतो लई. भाकरीबी चावंना.” चोळता चोळता त्यांचा हात थांबला. माझ्याकडं न बघताच त्यांनी विचारलं, “तुझाबी असाच दुखायचा?”

“व्हय.”

“रोज?”

“व्हय, आत्ती.”

आठ वर्षांत घरातल्या कुणीच मला हे विचारलं नव्हतं. आत्तींचे ओठ हलले, पण त्यांच्या त्या मोठ्या आवाजातून शब्द काही बाहेर पडला नाही. मी कळशी पुढं ओढली, पदराचं टोक गार पाण्यात भिजवलं आणि त्यांच्या गालावर धरून बसले. तिकडून मालकांनी दोनदा जेवायला हाक मारली. आम्ही दोघींनीही ओ दिली नाही.